इथेनॉल मळीचं, रसाचं की मक्याचं? जैवइंधनावर जरा नीट बोलूया

प्रवराकाठ

नमस्कार मंडळी,

ई२० वरून, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलवरून, सगळीकडे नुसती हमरीतुमरी चालू आहे. एक गट म्हणतो परकीय चलन वाचतंय, शेतकऱ्याच्या हातात पैसा येतोय. दुसरा म्हणतो गाड्यांची वाट लागली. आणि दोन्हीकडचे लोक इथेनॉल म्हणजे जणू एकाच ठिकाणाहून येणारा एकच माल असल्यासारखं बोलतात. टाकीत पडतं ते एकच, कबूल. पण ते कशापासून काढलंय त्यावर त्याला लागलेलं पाणी, जमीन, धूर, पैसा सगळंच बदलतं, आणि निदान आपण महाराष्ट्रातल्या लोकांनी तरी हा फरक धरून बोललं पाहिजे, कारण ही गोष्ट आपल्या दारातच सुरू झालीय. २००१ साली केंद्राने पेट्रोलमध्ये ५ टक्के इथेनॉल मिसळायचा पहिला प्रयोग केला तो मिरज आणि मनमाडला, आणि तिसरा यूपीत बरेलीजवळ. मग २००३ पासून नऊ राज्यांत सक्ती, मग सगळं रखडलं, २०१३-१४ ला जेमतेम दीड टक्का मिसळलं जात होतं. जून २०२२ ला १० टक्के झालं आणि २० टक्क्यांचं मूळ लक्ष्य २०३० चं होतं ते २०२५ वर ओढून आणलं. इतकी घाई झाली की मधल्या प्रश्नांवर बोलायला कुणाला वेळच मिळाला नाही.

ज्यांनी साखर कारखाना आतून बघितलेला नाही त्यांच्यासाठी आधी हे सांगते, म्हणजे पुढची चर्चा समजेल.

गव्हाणीत ऊस पडला की रस निघतो, तो उकळून पाक होतो आणि पाक पॅनमध्ये जातो. पॅनमन काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन उजेडात धरून दाणा बघतो, दाणा धरला की तो गरम लगदा खाली सेंट्रिफ्युगलमध्ये सोडतात, तिथे गरागरा फिरून साखर जाळीवर राहते आणि काळपट चिकट द्रव बाहेर पडतो. ही झाली ए मळी. तिच्यात अजून भरपूर साखर असते म्हणून ती परत शिजवतात, परत साखर काढतात, उरते ती बी हेवी. अजून एकदा केलं की उरते सी हेवी, म्हणजे जिच्यातून आता साखर काढणं परवडत नाही अशी शेवटची मळी. जुन्या काळी डिस्टिलरीला हीच जायची.

आता हिशोब बघा. एक टन उसापासून साधारण १०० किलो साखर आणि सी हेवीतून वर १० लिटर इथेनॉल मिळतं. बी हेवीवर थांबलं तर इथेनॉल २० लिटरच्या आसपास पण साखर पंधरा-एक किलोनं कमी. आणि साखर करायचीच नाही, सगळा रस इथेनॉलला द्यायचा, तर ७० लिटर.

सी हेवीच्या इथेनॉलला मी मनापासून जैवइंधन म्हणते. ऊस साखरेसाठी लावला, पाणी साखरेसाठी लागलं, उरलेल्यातून इंधन निघालं. रसाच्या इथेनॉलचं मात्र तसं नाही, तिथे पाणी थेट इंधनासाठी खर्ची पडतं. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यातच लिहिलंय की उसापासून एक लिटर इथेनॉलला सुमारे २८६० लिटर पाणी लागतं. आमच्या तालुक्याच्या वरच्या गावांना उन्हाळ्यात टँकर येतो, दहा-बारा हजार लिटरचा. तेवढ्या पाण्यात चार लिटर इथेनॉल होतं. हे एकदा समोर मांडून मग ठरवा की हरित इंधन कशाला म्हणायचं.

जैवइंधनाला माझा विरोध नाही. देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलातलं ८५ टक्क्यांच्या वर बाहेरून येतं, ते कमी व्हायलाच हवं. मला फक्त कशापासून यावर बोलायचंय. तुम्ही कुठे राहता, काय बघता ते लिहा.

नाना_सातारकर

ताई छान लिहिलंय पण आमच्यासारख्याचा प्रश्न साधा आहे. २०१४ ची बाईक आहे, रोज कामाला जाऊन येऊन बरंच अंतर पडतं, अ‍ॅव्हरेज घसरलंय हे मला कुणी सांगायला नको, खिशाला कळतंय. आणि पेट्रोलचा दर काही कमी झालेला नाही. इथेनॉल स्वस्त असतं म्हणतात तर मग आम्हाला स्वस्त का नाही?

गॅरेज_रत्नागिरी

नाना, अ‍ॅव्हरेज पडणारच, त्यात लपवण्यासारखं काही नाही. इथेनॉलच्या एका लिटरमध्ये पेट्रोलच्या तुलनेत दोन तृतीयांशच ऊर्जा असते. नीती आयोगाच्याच आकड्यांनुसार जुन्या, ई१० पर्यंत सेट केलेल्या टू व्हीलरला ३ ते ४ टक्के आणि तशाच फोर व्हीलरला ६ ते ७ टक्के फटका. ई१० साठी बनवून ई२० ला सेट केलेल्या फोर व्हीलरना १-२ टक्के. लोक २० टक्के, २५ टक्के पडलं म्हणून येतात तेव्हा बहुतेक वेळा एअर फिल्टर, चोक, टायरमधली हवा असं दुसरंच काहीतरी निघतं, पण गिऱ्हाइकाने आधीच इथेनॉलवर शिक्का मारलेला असतो.

खरा त्रास वेगळा आहे आणि तो आमच्याकडे कोकणात जास्त. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. पावसाळ्यात गाडी महिना-दोन महिने उभी राहिली, टाकी अर्धी रिकामी असली की आत पाणी धरतं, प्रमाणाबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी मिळून खाली बसतं आणि पेट्रोल वर तरंगतं. पेट्रोल कॉक नेमकं खालून ओढतो. मग गाडी चालू होत नाही, कार्बोरेटर खोलला की आत पांढरट हिरवी बुरशी बसल्यासारखं दिसतं आणि जुन्या गाड्यांचे रबरी पाइप, ओ रिंग फुगून मऊ पडलेले असतात. एप्रिल २०२३ नंतरच्या गाड्यांना ते मटेरियल बदलून येतंय, त्याच्या आधीच्यांनी पाइप आणि ओ रिंग बदलून घ्याव्यात, खर्च फार नाही. आणि गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी एकतर पूर्ण भरून ठेवा नाहीतर पूर्ण काढून ठेवा, अर्धी नको.

प्रवराकाठ

@नाना, दराचं उत्तर असं की इथेनॉल स्वस्त राहिलेलंच नाही. २०२४-२५ च्या वर्षात तेल कंपन्यांनी सी हेवीला ५७.९७, बी हेवीला ६०.७३, रसाच्या इथेनॉलला ६५.६१ आणि मक्याच्या इथेनॉलला ७१.८६ रुपये लिटर दर दिला. पेट्रोल पंपावर आपल्याला शंभराच्या वर पडतं त्यात करांचा वाटा मोठा आहे, रिफायनरीतून निघताना त्याची किंमत पंपावरच्या दराच्या कितीतरी खाली असते. म्हणजे ग्राहकाला स्वस्ताई देणं हा या योजनेचा हेतू आता उरलेला नाही. कमी ऊर्जा असलेलं इंधन पूर्ण दरात विकलं जातंय ही तुमची तक्रार शंभर टक्के रास्त आहे आणि ती शेतकरीविरोधी वगैरे अजिबात नाही.

आणि त्या दरांच्या यादीकडे परत एकदा बघा. टाकाऊ मळीला सगळ्यात कमी, खाण्याच्या धान्याला सगळ्यात जास्त. कारखाने कुठे वळणार मग?

कोरडवाहू_लातूर

मक्याचा विषय काढलात म्हणून लिहितोय. आमच्याकडे ऊस नाही, पाणीच नाही. सोयाबीन आमचं पीक. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४८९२ होता आणि बाजारात चार हजार, एक्केचाळीसशे असं विकलं गेलं, ओलावा जास्त म्हणून त्याहूनही खाली. पामतेलाची आयात हे एक कारण आहेच. पण दुसरं कारण कुणी बोलत नाही ते म्हणजे मक्यापासून आणि तांदळापासून इथेनॉल काढल्यावर जो चोथा उरतो तो, डीडीजीएस म्हणतात त्याला. टनभर मक्यामागे तीनेकशे किलो चोथा निघतो आणि तो प्रथिनांनी भरलेला असतो, कोंबडीखाद्यवाले, पशुखाद्यवाले तो सोयापेंडीच्या जागी घेतात कारण स्वस्त पडतो. पेंडीचा उठाव पडला की तेल गिरणीवाला सोयाबीनला भाव देत नाही, सोयाबीनमध्ये तेल अठरा-वीस टक्केच असतं, बाकी सगळा पैसा पेंडीवर असतो.

म्हणजे गाडीत मक्याचं इथेनॉल पडतंय आणि भाव आमच्या सोयाबीनचा पडतोय. हे दिल्लीत कुणाला दिसतं का? वर पोल्ट्रीवाले रडतात की मका महाग झाला. वर्षानुवर्षं मका निर्यात करणारा आपला देश २०२४ मध्ये मका बाहेरून आणायला लागला. तेलाची आयात कमी करायला मक्याची आयात वाढवायची, याला काय अर्थ आहे सांगा.

शिफ्ट_केमिस्ट

मी डिस्टिलरीत आहे, कुठल्या ते लिहीत नाही. प्रवराकाठताईंचं बरंचसं पटतं पण दोन गोष्टींवर थांबवतो.

पहिली. रसाचं पाणी मोजता तर साखरेचंही मोजा. देशात साखर गरजेपेक्षा जास्त झाली की काय होत होतं? सरकार अनुदान देऊन ती बाहेर विकत होतं. तेही पाणीच होतं, अनुदान देऊन परदेशात गेलेलं. त्यापेक्षा त्याच उसाचं इथेनॉल करून इथेच जाळलं तर तेल तरी वाचतं. आणि उसाची थकबाकी विसरू नका. चौदा दिवसांत एफआरपी (उसाचा सरकारने ठरवलेला किमान दर) द्यायची असा १९६६ च्या आदेशात नियम आहे, उशीर झाला तर १५ टक्के व्याज. साखरेचा किमान विक्री दर फेब्रुवारी २०१९ ला किलोला ३१ रुपये केला आणि कित्येक वर्षं तिथेच ठेवला, त्याच काळात एफआरपी क्विंटलला २७५ वरून ३५५ वर गेली. साखर गोदामात पडून राहते, बँक त्यावर उचल देते, व्याज चढतं. इथेनॉलचं बिल तेल कंपनीकडून तीन आठवड्यांत येतं. हा रोखीचा झरा नसता तर अर्धे कारखाने आज गाळप करू शकले नसते आणि त्याचा मार शेतकऱ्यालाच बसला असता.

दुसरी. धोरण स्थिर नसतं त्याचा त्रास कुणाला होतो ते बघा. २०१८ ला व्याज सवलत देऊन सांगितलं डिस्टिलऱ्या वाढवा. कारखान्यांनी कर्जं काढली. ७ डिसेंबर २०२३ ला पाऊस कमी, साखर कमी पडेल म्हणून एका आदेशात रस वापरायला बंदी, आठवडाभरात ती थोडी सैल करून १७ लाख टन साखरेइतकी मर्यादा. त्या काळात टाक्यांत काय भरायचं आणि काय नाही हेच कळत नव्हतं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये बंदी उठली. धान्यावरच्या डिस्टिलऱ्या वाढल्या त्यामागे हे पण कारण आहे.

आता जे मला रोज दिसतं ते. मळीत पाणी घालून पातळ करायची, यीस्ट सोडायचं, किण्वन टाकीत चोवीस-तीस तास ती नुसती फसफसत असते, जवळ उभं राहिलं तर कार्बन डायऑक्साइडने नाकात झोंबतं. तयार वॉश, म्हणजे आंबलेला द्रव, ऊर्ध्वपातनाला गेला की कितीही चांगला कॉलम असला तरी ९५-९६ टक्क्यांच्या पुढे स्पिरिट जात नाही, शेवटचं पाणी काढायला मॉलिक्युलर सीव्ह लागते, त्यातून निघतं ते ९९.५ च्या वरचं, ते टँकरमध्ये. हा झाला गोड भाग. एका लिटर स्पिरिटमागे दहा-बारा लिटर स्पेंटवॉश, म्हणजे स्पिरिट काढून उरलेलं सांडपाणी, निघतो. काळाकुट्ट, गरम, आंबट वासाचा. पूर्वी तो खड्ड्यांत साठवायचे आणि पावसाळ्यात ओढ्याला सोडायचे, आसपासच्या विहिरी तांबड्या झाल्या, मी लहानपणी अशा विहिरीचं पाणी बघितलंय, बादलीत चहासारखं दिसायचं. आता शून्य विसर्गाची अट आहे, स्पेंटवॉश आटवून इन्सिनरेशन बॉयलरला जाळतात, राखेतून पालाश मिळतं. यंत्रणा नीट चालवली तर खरोखर ओढ्याला थेंब जात नाही. पण ती चालवायला वाफ लागते, माणूस लागतो, आणि हंगामाच्या घाईत यंत्र बंद पडलं की काय होतं ते नदीकाठच्या लोकांना विचारा. मला हे काम आवडतं, म्हणूनच लिहितोय, नियम पाळणाऱ्याला जास्त दर मिळाला पाहिजे आणि न पाळणाऱ्याचं इथेनॉल तेल कंपनीने उचलताच कामा नये.

प्रवराकाठ

@शिफ्ट_केमिस्ट, तुमचा शेवटचा मुद्दा फार मोलाचा आहे. दर कच्च्या मालावर ठरतो तसा सांडपाण्यावरही ठरायला हवा.

थकबाकीचं मला माहीत आहे, वडिलांचा ऊस मीही बघितलाय, बिलाची वाट बघत शाळेची फी थांबलेली आठवते. पण निर्यातीत पाणी जात होतं म्हणून ते आता टाकीत जाळू, हे उत्तर होत नाही. दोन्हींचं मूळ एकच, गरजेपेक्षा जास्त ऊस. साखर पडून राहते तेव्हा शेतकऱ्याला निदान कळतं की आपण जास्त लावतोय. आता इथेनॉलने सांगितलंय की कितीही लावा, उचलतो. सोलापूर, धाराशिव, बीडमध्ये हे सांगणं धोक्याचं आहे हो. कोल्हापूरसारखा पाऊस आणि पंचगंगा प्रत्येक ठिकाणी नाही.

कांपिनासहून_मनोज

मी ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्यात नोकरीला आहे, मूळचा इचलकरंजीचा. इथलं उदाहरण भारतात वारंवार दिलं जातं म्हणून लिहितो.

इथे १९७५ ला प्रोआल्कोल योजना सुरू झाली, तेलाच्या भडक्यानंतर. २००३ ला फ्लेक्स गाड्या आल्या, म्हणजे टाकीत काय वाट्टेल ते प्रमाण टाका, गाडी स्वतः जुळवून घेते. पंपावर दोन नळ्या, एक पेट्रोलची (त्यातही इथेनॉल मिसळलेलंच, २०१५ पासून २७ टक्के आणि ऑगस्ट २०२५ पासून ३०) आणि दुसरी निव्वळ इथेनॉलची. दोन्हींचे दर बाहेर मोठ्या अक्षरांत. लोक मनातल्या मनात भागाकार करतात, इथेनॉलचा दर पेट्रोलच्या ७० टक्क्यांच्या आत असेल तरच इथेनॉल भरायचं, नाहीतर पेट्रोल. टॅक्सीवाल्यापासून प्राध्यापकापर्यंत सगळ्यांना हा आकडा पाठ असतो. नाना म्हणतात तो अन्याय इथे होत नाही कारण निवड गिऱ्हाइकाच्या हातात आहे. पुण्यात २०२१ मध्ये तीन पंपांवर ई१०० चा प्रयोग सुरू झाला होता, पण त्यावर चालणाऱ्या गाड्याच रस्त्यावर नसतील तर तो पंप काय करणार.

पण मला खरं सांगायचंय ते पाण्याचं. इथला बहुतेक ऊस पावसावर होतो. पाट नाही, मोटर नाही, पाळीपाळीने पाणी देणं नाही. मैलोन्‌मैल उसाच्या टेकड्या आहेत आणि कुठे सरी दिसत नाही. आपल्याकडे आडसाली ऊस सोळा-अठरा महिने उभा, त्यात एक आख्खा उन्हाळा. पीक तेच असलं तरी त्याला पाणी कुठून मिळतं ते अगदी वेगळं आहे. ब्राझीलने केलं म्हणून आपण करू, हे वाक्य सरळ उचलून महाराष्ट्रात लावता येत नाही.

उन्हाचं_पीक

एक गणित मांडतो, कुणाला पटलं नाही तर आकडे बदलून करून बघा.

एक एकर ऊस, ४० टन धरा, चांगलं उत्पन्न धरतोय. सगळ्या रसाचं इथेनॉल केलं तर २८०० लिटर. पेट्रोलवर १७ चं अ‍ॅव्हरेज देणारी कार निव्वळ इथेनॉलवर साधारण ११ देईल. म्हणजे वर्षाला तीस हजार किलोमीटर. बगॅसची (उसाच्या चिपाडांची) वीज वेगळी, ती वर धरा.

त्याच एक एकरावर सोलर. मेगावॉटला चार एकर लागतात, मेगावॉट वर्षाला पंधरा लाख युनिट देतो, म्हणजे एकराला पावणेचार लाख युनिट. छोटी इलेक्ट्रिक कार युनिटला सात किलोमीटर जाते. गुणाकार केला तर सव्वीस लाख किलोमीटर. चार्जिंगमधली, वाहिन्यांमधली गळती म्हणून पाव भाग काढून टाका, तरी वीस लाखांच्या आसपास.

तीस हजार आणि वीस लाख. पाणी जवळजवळ शून्य, तेही मुरमाड जमिनीवर. वनस्पती उन्हातली टक्काभरच ऊर्जा साठवते, त्यातून इंजिन तीन चतुर्थांश उष्णता म्हणून फेकून देतं, त्यामुळे हा फरक कितीही चांगली जात आणली तरी भरून निघणार नाही. जमीन वापरून गाडीसाठी इंधन पिकवायचंच असेल तर ऊस आणि मका हा सगळ्यात महागडा मार्ग आहे.

शिफ्ट_केमिस्ट

गणित बरोबर आहे पण रस्त्यावर आज कोट्यवधी पेट्रोलच्या गाड्या आहेत त्या उद्या भंगारात जाणार नाहीत, नानांची बाईकच बघा. त्यांच्यासाठी पुढची पंधरा वर्षं काहीतरी लागेलच.

प्रवराकाठ

लागेल ना, म्हणूनच म्हणतेय सी हेवी, खराब झालेलं धान्य, टाकाऊ माल यातून जेवढं होईल तेवढं करा. त्याने २० टक्के भागलं नाही तर १२ टक्के करा. वीसचा आकडा काही वेदात लिहिलेला नाही.

निवृत्त_कृषी_सहायक

धागा वाचून जुने दिवस आठवले. तुमच्यातल्या तरुणांना ठाऊक नसेल पण इथेनॉलच्या आधी बायोडिझेलची लाट येऊन गेली, मोगली एरंडाची, जट्रोफा म्हणतात तो. २००३ ला नियोजन आयोगाच्या समितीने अहवाल दिला, पडीक जमिनीवर लाखो हेक्टर लावायचं आणि २०११-१२ पर्यंत डिझेलमध्ये २० टक्के मिसळायचं. आम्ही रोपं वाटली, शिबिरं घेतली. बांधाला कुंपण म्हणून तो आधीपासून होताच, गुरं तोंड लावत नाहीत म्हणून.

काय झालं? पडीक जमिनीवर झाड जगतं पण फळत नाही. फळायला त्यालाही पाणी आणि खत लागतं, आणि ते असेल तर शेतकरी एरंड कशाला लावेल? शेंगा एकदम पिकत नाहीत, थोड्या थोड्या पिकतात, वेचायला बाई लावली तर तिच्या मजुरीएवढंही बी निघत नाही. बी विषारी, पोरांनी खाल्लं की उलट्या, दवाखाना. पेंड विषारी म्हणून गुरांना चालत नाही. खरेदी केंद्रं उघडली ती माल नाही म्हणून बंद पडली आणि ज्यांच्याकडे थोडाफार माल होता त्यांना गिऱ्हाईक नव्हतं. माळरानाला पडीक म्हणणंच मुळात चूक होतं, तिथे मेंढपाळांची मेंढरं चरत होती.

आज नेपिअर गवताबद्दल, बांबूबद्दल तशीच भाषणं ऐकतो तेव्हा काळजी वाटते. आधी दहा गावांत दोन-तीन वर्षं करून बघा, उत्पन्न मोजा, खरेदीचा लेखी करार द्या आणि मग राज्यभर नेऊ.

डोंबिवली_फरसाण

मी घरगुती फरसाण-चकलीचा व्यवसाय करते, दिवाळीत दोन-तीन बायका मदतीला असतात. वापरलेल्या तेलाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून लिहिते. तळणीचं तेल कधी संपलं ते डोळ्याला कळतं, रंग गडद होतो, कढईच्या कडेला फेस धरून राहतो, चकली सोडली की धूर लवकर येतो आणि हाताला चिकट लागतं. एफएसएसएआयचा (अन्नसुरक्षेची सरकारी संस्था) नियम २०१८ चा आहे, टोटल पोलर कंपाउंड, म्हणजे तापून तापून तेलात तयार होणारे घटक, २५ टक्क्यांच्या वर गेले की ते तेल खायला वापरायचं नाही. माझ्याकडे एक अधिकृत गोळा करणारे येतात, पंधरा किलोच्या डब्यांत भरून ठेवते, वजन करून पैसे आणि पावती देतात. त्याचं बायोडिझेल होतं म्हणे.

पण खरं सांगू का, माझ्या ओळखीच्या मोठ्या तळणीवाल्यांकडचं तेल रस्त्यावरच्या खाण्याच्या गाड्यांवर जातं, कारण गाडीवाला जास्त भाव देतो. ते तेल परत लोकांच्या पोटात. हे बघून जीव तुटतो. तुमच्या ऊस-मक्याच्या चर्चेत कुणी ह्यालाही थोडा चांगला दर मिळवून दिला तर इंधनही होईल आणि माणसांची पोटंही वाचतील.

प्रवराकाठ

ताई तुमची पोस्ट या धाग्यातली सगळ्यात महत्त्वाची आहे असं मला वाटतं. याला जमीन नको, पाणी नको. तेलात मिथेनॉल आणि कॉस्टिक सोडा घालून गरम करून ढवळलं की ग्लिसरीन खाली बसतं आणि वर बायोडिझेल येतं, रसायन साधं आहे, अडचण आहे ती गोळा करण्याची. पालिकांनी ओला-सुका कचरा करतात तसा हा तिसरा डबा करायला काय हरकत आहे?

आणि विमानांचा विचार करा. कार विजेवर जाईल, लांबचं विमान बॅटरीवर जाणार नाही. मे २०२३ मध्ये पुण्याहून दिल्लीला एअरएशियाचं विमान देशात बनवलेलं जैवइंधन थोड्या प्रमाणात मिसळून गेलं, ते पुण्याच्या प्राज कंपनीने इंडियन ऑइलसोबत केलेलं काम. २०२७ पासून आंतरराष्ट्रीय उड्डाणांत १ टक्का, २०३० ला ५ टक्के असं सरकारचं सूचक लक्ष्य आहे. जैवइंधन मोजकंच मिळणार असेल तर ते जिथे दुसरा इलाजच नाही तिथे द्यायला नको का? स्कूटरमध्ये कशाला जाळायचं?

पाचट_कुजवा

आमच्याकडे कारखान्याने प्रेसमडपासून (रस गाळल्यावर उरणारा गाळ) गॅस काढायचा प्लांट टाकलाय, केंद्राच्या ‘सतत’ नावाच्या बायोगॅस योजनेतला. गॅस सीएनजीसारखा गाड्यांना जातो, चांगलं आहे. पण पूर्वी प्रेसमड आम्हाला जवळजवळ फुकट मिळायचं, ट्रॉलीने आणून रानात टाकायचो. आता म्हणतात प्लांटला लागतं. गॅस काढल्यावरची स्लरी, सेंद्रिय खत म्हणून, पोत्यात भरून विकत देतात. कर्ब गॅसमध्ये गेला, नत्र-स्फुरद-पालाश त्या खतात राहतं हे मान्य, पण आमच्या रानातून गेलेलं आम्हाला सवलतीत परत मिळावं एवढीच मागणी आहे.

आणि पानिपतला २०२२ ला भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढणारा प्लांट झाला, दिवसाला एक लाख लिटर क्षमतेचा, तसं उसाच्या पाचटाचं करू असं कुणीतरी सभेत बोलून गेलं. पंजाब-हरयाणात पेंढा जाळतात, धूर दिल्लीला जातो, तिथे ते योग्य आहे. आमचं पाचट नेऊ नका. खोडव्यात पाचट सरीत दाबलं की एक-दोन पाणी वाचतात, तण कमी, गांडूळ वाढतं.

प्रवराकाठ

+१. पाचटाला हात लावायचाच नाही.

भंडारदरा_लाभक्षेत्र

सगळं वाचलं. माझा व्यवहाराचा प्रश्न आहे. पाच एकर आहे, तीन काळी पाटाखाली, दोन मुरमाड चढावर. चढावर पण ओढून ताणून ऊस करतो, उतारा बेताचाच, मोटरचा खर्च निघत नाही. @उन्हाचं_पीक, सोलरला जमीन भाड्याने घेतात असं ऐकतो, ते नक्की कसं?

उन्हाचं_पीक

दादा, मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मध्ये खासगी जमिनीला हेक्टरी सव्वा लाख रुपये वर्षाला भाडं आहे आणि दरवर्षी ३ टक्के वाढ, म्हणजे एकरी पन्नास हजार, तोडीची-टोळीची-पाण्याची काळजी नाही. पण दोन एकरच असेल तर एकट्याचं जमणार नाही, शेजारच्या चढावरच्या तीन-चार जणांची सलग जमीन एकत्र दाखवावी लागेल. महावितरणचं उपकेंद्र किती लांब आहे ते आधी बघा, लांब असेल तर कुणी घेत नाही. काळी तीन एकर मात्र देऊ नका, कुणी कितीही भाडं देवो.

भंडारदरा_लाभक्षेत्र

काळी नाहीच देणार. उपकेंद्र गावाच्या वेशीवरच आहे, अडीच-तीन किलोमीटर. चुलतभावांचा पण चढच आहे. उद्या सातबारा आणि गटाचा नकाशा काढतो तलाठ्याकडून. काळ्या तीन एकरात ठिबक करून ऊस ठेवू की एक एकर मका-तूर करू?

कोरडवाहू_लातूर

दादा, तूर नक्की करा. मक्याचं दोन्ही बाजूंनी बघा, इथेनॉलवाले आहेत तोवर भाव आहे, उद्या आयात उघडली की पडेल. एक एकर तूर-सोयाबीन, दोन एकर ठिबकवर ऊस. आणि कारखान्याच्या वार्षिक सभेत जाल तेव्हा विचारा की आपला किती ऊस रसावर गेला आणि किती सी हेवीवर, आणि स्पेंटवॉश कुठे जातो. अहवालात आकडे असतात, कुणी विचारत नाही.

भंडारदरा_लाभक्षेत्र

विचारतो. सभा सप्टेंबरात आहे, अहवालाची पुस्तिका आली की त्याचं पान इथे टाकतो.